लांब का जवळ?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी बबननानांचं नाव घेईन. त्यांनी मला नोकरी लावली नाही की पैसे दिले नाहीत. ते फक्त विचारायचे, "लांब का जवळ?"

विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये, नाना बाज टाकून बसत. तिथे पूर्वी त्यांचा गोठा होता. जमीन बिल्डरला दिली, वर तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, पण नाना झोपण्यापुरतेच वर जायचे. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस बाजेसमोरून जाई आणि प्रश्न येई. निघालेल्याला 'कुठं' विचारणं अपशकुन, म्हणून 'लांब का जवळ'. 'लांब' म्हटलं की बंडीच्या खिशातून खडीसाखर निघे.

आमच्या गावी, रिसोडला, एसटी स्टँडवर पोचेपर्यंत दहा जण विचारतात. पदवी घेऊन पुण्यात आलो तेव्हा वाटलं, सुटलो, इथे कुणी विचारत नाही. आणि नेमकी खोली मिळाली ती नानांकडे. पहिल्या इंटरव्ह्यूला निघालो. मी म्हणालो, "लांब. हिंजवडीला." त्यांनी हातावर खडीसाखर ठेवली. संध्याकाळी उतरल्या चेहऱ्याने परतलो, तर नाना तसेच बसलेले. "आला न्हवं? मंग झालं," म्हणाले. आपण परत यायचं आहे हे या शहरात कुणाला तरी ठाऊक आहे, एवढ्यावर मी पुढचे चार नकार पचवले.

सगळ्यांना हे सोसत नसे. दुसऱ्या मजल्यावरची आयटीतली मुलगी म्हणाली, "अंकल, प्रायव्हसी असते ना."

"आसू दे की. मी कुठं इचारलं, कशाला म्हून?"

देशपांडेकाका तर रोज पेपर आणायला निघत आणि रोज उखडत. "स्मशानात चाललोय. येताय का?"

"तुमी व्हा फुडं," नाना शांतपणे म्हणत.

शेवटी सोसायटीची मीटिंग झाली. वॉचमन ठेवला, येणाऱ्या पाहुण्यांच्या नोंदीसाठी मोबाइलवर ॲप आलं आणि पार्किंगमधली बाज हलवावी असं ठरलं. नाना एवढंच म्हणाले, "येनाऱ्याला तुमचं मशीन इचारंल. जानाऱ्याला कोन इचारनार?"

बाज मी आणि वॉचमनने मिळून वर नेली. दोन दिवस नाना खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो. देशपांडेकाका पिशवी घेऊन जिन्यातून उतरले, बाजेच्या रिकाम्या जागेशी थबकले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मग वर गॅलरीकडे बघून, कुणावर तरी उपकार केल्यासारखे म्हणाले, "अहो नाना, निघालोय. जवळच."

दुपारी बाज खाली आली. सोसायटीच्या ग्रुपवर त्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही.

माझं लग्न ठरलं, खराडीला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढवून नानांच्या पाया पडलो. त्यांनी विचारायच्या आधीच म्हणालो, "जवळच, नाना."

डोक्यावरून विमान गेलं, ते दिसेनासं होईपर्यंत नाना बघत राहिले. "आमचा सुरेशबी असंच म्हनला हुता. हितंच बसलो हुतो. टॅक्सी आली, म्या इचारलं, लांब का जवळ. म्हनला, जवळच नाना, इमानतळावर." मग हसले. "खोटं न्हाई बोलला. इमानतळ जवळच हाय."

नानांचा मुलगा सुरेश कॅनडात असतो, हे मला माहीत होतं. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि थोडा वेळ बाजेवर बसलो. जाताना नानांनी खडीसाखर दिली. जवळ जाणाऱ्याला ते कधी देत नसत.

नाना मोबाइल कानाला लावत नाहीत. म्हणून परवा त्यांना पत्र टाकलं.

"ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.
इथे आम्ही अकराव्या मजल्यावर असतो. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघतात, म्हणून तुम्हालाच कळवतो. शनिवारी आईला आणायला रिसोडला निघतोय. लांब आहे. खडीसाखर घरचीच घेतली आहे. रविवारी संध्याकाळी आईला घेऊन आधी तुमच्याकडे येईन, मग घरी जाईन. तोवर बसून राहा.
आपला,
गजानन"