तीन नारळ आणि एक गिटार

बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गिटारवर वाढदिवसाची धून वाजवीन, असं बिंदुमाधवांनी सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं. मेहुण्याचं, रविकिरणचं, उत्तर लगेच आलं, "भावजी, तुम्ही सुरू केलेलं एक तरी काम पुरं झालेलं दाखवा की!" त्याखाली सगळ्या माहेरानं हसून घेतलं. सत्यवती मात्र फोन खाली ठेवून गप्प बसली, आणि तेच बिंदुमाधवांना झोंबलं. आता काहीही होवो, माहेरच्यांसमोर हिची मान खाली जाऊ द्यायची नाही!

हाताशी महिना होता. गिटार आली, पण शिकायचं कोणाकडे? बिंदुमाधव पडले बँकवाले. तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय ते साधी कुकरची शिट्टी घेत नसत. त्यांनी तिघांकडे एकेक ट्रायल क्लास ठरवला.

"गुरूच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही हं," सत्यवतीनं बजावलं. "विड्याची पानं, केळी, नारळ घेऊन जावा."

झालं! बेंगळुरातल्याच चामराजपेटचे वयस्क कृष्णमूर्ती सर म्हणाले, "अंगठ्यानं वाजवायचं. गडबड नको. तीन महिने नुसते सूर." बेळ्ळंदूरच्या पुणेकर रोशननं हातात तारा छेडायची प्लास्टिकची पिक ठेवली. "काका, टेन्शन नको. दोन कॉर्ड आल्या की बर्थडे सॉर्टेड!" राजाजीनगरची रंजिता बेळगावकडची. ती म्हणाली, "अंगठा नको आणि पिक पण नको ओ. चार बोटं स्वल्प मोकळी सोडा. मी घरी येऊन शिकवीन की!"

तिघंही चांगले वाटले, तिथंच घोटाळा झाला. बिंदुमाधवांनी तिघांसमोर तांबूल, म्हणजे तीच पानं, केळी आणि नारळ, ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि "विचार करून कळवतो" म्हणून बाहेर पडले. या गावात तांबूल हाती पडलं की बोलणं पक्कं झालं समजतात, मग ते लग्नाचं असो की गिटारचं, हे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या माणसाला ठाऊक नसावं? ठाऊक होतं! पण नारळ बायकोनं दिला होता आणि त्यांचं सगळं लक्ष गिटारकडे होतं.

दुसऱ्याच दिवसापासून तिघांचे फोन सुरू झाले. "प्रॅक्टिस सुरू आहे ना?" नाही म्हणायची जीभ बिंदुमाधवांना देवानं दिलीच नव्हती. ते तिघांना "हो हो, सर" म्हणत राहिले, घरी अंगठा, पिक आणि चार बोटं आलटून पालटून चालवत राहिले, आणि रंजितालासुद्धा सर म्हणू लागले. "पहिला क्लास कधी?" या प्रश्नावर सुटका म्हणून त्यांनी तिघांनाही एकच उत्तर दिलं, "रविवारी हिच्या वाढदिवसाला याच, मग ठरवू."

रविवारी रविकिरण पुढच्याच खुर्चीत बसला होता. तेवढ्यात तिघं गुरू आले, आपापल्या गिटारी घेऊन.

"हे माझे स्टुडंट," रोशन म्हणाला.

"तुमचे कसे? तांबूल मला दिलंय," कृष्णमूर्ती सर गरजले.

"अण्णा, नारळ तर मला पण दिलाय!" रंजिता म्हणाली.

बिंदुमाधव गिटारीच्या आड झाले. रविकिरणचा चेहरा मात्र खुलला. "भांडता कशाला? भावजींना वाजवू द्या. हात बघून कळेलच कोणाचा शिष्य ते."

सरी, ठरलं तर! तिघांनाही पटलं. बिंदुमाधवांनी डोळे मिटून सुरुवात केली. पहिल्या ओळीला अंगठा, दुसरीला पिक. पिक गिटारच्या पोटात पडली, म्हणून पुढं चार बोटं. धून संपली.

"हा माझा विद्यार्थी नाही," तिघंही एकदम म्हणाले.

रविकिरण पोट धरून हसला. बिंदुमाधवांनी मान खाली घातली.

"हसतोस काय रे?" सत्यवती उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं त्यांनी. माझ्यासाठी इतकं चुकायची हिंमत कोणी केली आजपर्यंत? अहो, पुन्हा वाजवा."

बिंदुमाधवांना एकदम दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी पुन्हा गिटार उचलली. तसे तिघं गुरू घाईघाईनं पुढं सरसावले आणि आपापली गिटार काढून त्यांच्याहून मोठ्यानं वाजवू लागले.