गोळीमागे एक वचन

सातारच्या शेणोलीकरांकडचा शुगर ग्लायडर कोरड्या गोळ्या खायला तयार होता, पण दर गोळीमागे त्याला एक वचन लागे. वचन खरं असलं की तो गोळी दोन्ही पंजांत धरून कुटुकुटु खाई, आणि पोकळ असलं की तिच्याकडे पाठ करून बसे. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. काही जनावरं दूधभातावर वाढतात, काही कोंड्यावर, आणि गुंड्या वचनावर होता.

शुगर ग्लायडर म्हणजे मुठीत मावेल एवढा राखी प्राणी, खारीचा दूरचा भाचा असावा असा. डोळे टपोरे, पाठीवर काळी रेघ, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा एक पडदा. तो पडदा ताणून तो उंचावरून सुटतो आणि हवेतून तरंगत खाली येतो. कुमुदच्या भाचीने बंगळूरला जाताना त्याला मावशीकडे आठवडाभरासाठी म्हणून ठेवलं होतं. तो आठवडा अजून चालू होता. दिवसभर तो पडद्याच्या दांडीला टांगलेल्या कापडी पिशवीत अंगाची गुंडाळी करून झोपे, म्हणून गुंड्या. दिवेलागणीला उठे.

कुमुदचे यजमान रघुवीर शेणोलीकर एसटीतून निवृत्त झाले होते. सगळा जन्म त्यांनी स्टँडवर बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या. घरात चहा मागायचा झाला तरी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" या चालीवर मागत. गुंड्यावर त्यांचा भारी जीव. त्याला ते चिकू भरवत, मध चाटवत आणि रोज संध्याकाळी कंदी पेढ्याचा चुरा देत. व्हायचं तेच झालं. एके दिवशी गुंड्या दांडीवरून चालताना त्याचे मागचे पाय घसरले.

जनावरांच्या डॉक्टर अस्मिता फडतरे यांनी त्याला तळहातावर घेऊन दोन्ही पाय हलकेच ओढून पाहिले.

"याला कॅल्शियम कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "नुसतं गोड खातोय. असंच चाललं तर मागचे पाय जातील. गोळ्या सुरू करा."

"गोळ्या म्हणजे औषध?" रघुवीररावांनी विचारलं.

"औषध नव्हे, खाणं. हे बघा, असे कोरडे दाणे मिळतात. नुसत्या गोळ्यांवर ठेवायचं नाही, पण गोळ्यांवाचूनही ठेवायचं नाही. फळ, भाजी, अधूनमधून किडे आणि गोळी. सगळं मिळून जेवण होतं. पेढा बंद."

"अहो, साताऱ्यात राहून पेढा बंद?"

"तुमचाही बंद आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रघुवीरराव खिडकीबाहेर बघायला लागले.

कारण घरात गोळ्या दोन जातींच्या होत्या. दुसऱ्या जातीच्या रघुवीररावांच्या. त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि मोठ्या डॉक्टरांनी बायपास सांगितलं होतं. रघुवीरराव गोळ्या घेत, ऑपरेशनचं नाव घेत नसत. आधी पाऊस सरू दे म्हणाले. मग दिवाळी होऊ दे, मग संक्रांत. आता आंबे होऊ देत यावर गाडी थांबली होती. कुमुद रात्री त्यांचा श्वास ऐकत पडून राही. तिला जगात एवढी एकच गोष्ट हवी होती, त्यांनी हो म्हणावं.

पहिल्या संध्याकाळी गुंड्यासमोर बशीत गोळी ठेवली. त्याने हुंगली, दोन पावलं मागे सरला आणि कुमुदकडे बघत बसला. ती मधात बुडवून दिली, पपईत लपवून दिली. पपई खाल्ली आणि गोळी तशीच ठेवली. पुन्हा कुमुदकडे टक लावून बघणं. आणि कुमुदच्या एकदम ध्यानात आलं की हे बघणं तिने आधी पाहिलं आहे. सासूबाईंच्या दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड मांडला होता आणि कावळा भिंतीवर बसून असाच बघत राहिला होता. कितीतरी वेळ शिवेना. शेवटी रघुवीरराव हात जोडून म्हणाले, "आई, कऱ्हाडच्या ताईला अंतर देणार नाही," तेव्हा कुठे खाली उतरला.

कुमुदने पदर सारखा केला. "बरं बाबा," ती म्हणाली. "उद्यापासून तुझी पिशवी दिवसाआड धुईन."

गुंड्याने गोळी उचलली आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"वचनावर खातो का? असतात काही तसे," त्या म्हणाल्या. "लहान वचनं चालतात की मोठी लागतात?"

"सध्या लहान चालतात."

"मग घाई करू नका. आणि एक सांगते, पाळता येतील तीच द्या. मोडलेलं वचन त्याच्या पोटाला बाधतं."

त्या दिवसापासून शेणोलीकरांच्या घराला वळण लागलं. ओला टॉवेल पलंगावर टाकणार नाही, हे रघुवीररावांनी पहिल्याच झटक्यात देऊन टाकलं. पाहुण्यांसमोर बायकोची गोष्ट अर्ध्यात तोडून स्वतः सांगणार नाही, हे द्यायला त्यांना जरा जड गेलं. कुमुदने त्यांची जुनी शिट्टी भंगारात न देण्याचं कबूल केलं. कऱ्हाडच्या ताईंना दर रविवारी फोन जाऊ लागला, त्या बिचाऱ्या घाबरून विचारत, "काय रे, सगळं बरं आहे ना?"

वचन खाऊन झालं की गुंड्या दांडीवर चढे आणि सुटे. वचन जेवढं मोठं, तेवढा वेळ तो हवेत राही. टॉवेलच्या वचनावर तो दांडीवरून सोफ्यावर आला, संपलं. पण समोरच्या मोमीनभाभी एकदा विरजण मागायला आल्या, आणि बशीतली गोळी बघून काय मनात आलं कोण जाणे, म्हणाल्या, "मी माझ्या जावेशी बोलीन. आधी मीच बोलीन." गुंड्याने गोळी खाल्ली, दांडी सोडली, आणि तो तरंगतच राहिला. दिवाणखाना हळूहळू लांब होत गेला. पलीकडची भिंत शेताच्या बांधासारखी दूर गेली. अजिंक्यताऱ्याकडून येणारा वारा खिडकीतून आत शिरून त्याला अलगद वर धरून होता. कुमुदने चहा टाकला, उकळला, गाळला. तिघांनी बसून प्यायला. मग तो भाभींच्या खांद्यावर उतरला. भाभींनी डोळे पुसले आणि विरजण न घेताच घरी गेल्या.

पण लहान वचनं म्हणजे काय, डब्यातले लाडू. रोज एक काढला की तळ दिसायचाच. आणि गुंड्याला शिळं वचन चालत नसे. वैशाख लागला तेव्हा रघुवीररावांच्यात मोडायजोगी एकही वाईट सवय उरली नव्हती. माणूस इतका गुणी झाला की कुमुदला त्यांच्याशी भांडायला विषय मिळेना. ते बशीसमोर बसून डोकं खाजवत.

"चपला दाराशी सरळ ठेवीन."

"ते होळीलाच दिलंत," कुमुद म्हणे.

"मग उलट्या ठेवू का?"

गुंड्या पाठ करून बसे. गोळ्या बशीत पडून राहू लागल्या. फळं तो खाई, पण पाय पुन्हा घसरायला लागले. मग एका संध्याकाळी तो दांडीच्या टोकाशी आला, खाली पाहिलं, आणि न सुटताच पिशवीत परत गेला. रघुवीरराव पिशवीखाली हात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आता कोणतं वचन उरलं आहे ते कुमुदला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि बशीसमोर मांडी घालून बसले. घसा खाकरला. आवाज मात्र पुकारणीचा निघाला नाही.

"मी ऑपरेशन करून घेतो," ते म्हणाले.

कुमुदने भिंतीला हात टेकला. किती महिने ती या वाक्याची वाट बघत होती! गुंड्याने मान वर केली. गोळी हुंगली. आणि बाजूला सरून तो कुमुदकडे बघत बसला.

"आता काय झालं याला?" रघुवीरराव ओरडले. "खरं बोलतोय मी! आईशप्पथ खरं!"

"तुमच्याकडे नाही बघत तो," कुमुद म्हणाली. "माझ्याकडे बघतोय."

"मग दे ना तूही काहीतरी!"

कुमुदने हात जोडले. बायका अशा वेळी जे देतात ते तिने दिलं. "यांचं ऑपरेशन नीट होऊ दे, मी सोळा सोमवार करीन." गुंड्याने तोंड फिरवलं. "वर्षभर भात सोडीन." त्याने शेपूट तोंडावर ओढून घेतलं. "साखर सोडीन. चहा सोडीन बघ, आणखी काय सोडू?" तो सरळ पाठ करून बसला.

"अगं, सोडतेस काय एकेक!" रघुवीरराव चिडून उठलेच. "जन्मभर सोडतच आलीस. काहीतरी खायचं वचन दे की त्याला!"

"माझ्या खाण्याचा इथे काय संबंध?"

"काय संबंध? मागे मी ताईकडे आठ दिवस राहून आलो, आठवतं? आलो तेव्हा ओटा कोरडा ठणठणीत होता. गॅसवर चहाचं भांडं तेवढं, आणि चिवड्याचा डबा रिकामा. म्हणालीस, एकटीसाठी काय रांधायचं. हसत म्हणालीस!" त्यांचा आवाज चिरकला. "मी भितो असं वाटतं तुला? भितोच. पण मला त्या टेबलावर घेतील ना, तेव्हा माझ्या छातीचं काय करायचं ते डॉक्टर बघतील. मी तुझ्या ओट्याचा विचार करीत असेन. मी उठलो नाही तर ही चहात चपाती बुडवून उभ्याउभ्या खाणार आणि म्हणणार, माझं काय, भागतं. म्हणून जात नव्हतो मी!"

खाली कुणाची तरी सायकल जिन्याला टेकल्याचा आवाज आला. कुमुदला वाटलं, असली बोलणी माणूस गेल्यावर नदीकाठी करायची असतात. तिथे फार सोपं असतं, कावळ्याला सांगायचं आणि स्नान करून घरी यायचं. इथे तो माणूस समोर उभा आहे, सदऱ्याची बटणं वरखाली लागली आहेत, डोळे लाल झालेत, आणि त्याच्या तोंडावर त्याच्या नसण्याबद्दल बोलायचं.

गुंड्या वळून बसला होता. बघत होता.

"तुम्ही असलात तरी," कुमुद म्हणाली, आणि थांबली. मग तिने ते पूर्ण केलं. "आणि नसलात तरी, मी दोन्ही वेळा कुकर लावीन. एकटीसाठी लावीन. वरणभात आणि भाजी करीन. उभ्याने खाणार नाही, ताट घेऊन बसेन. पोटभर जेवीन."

गुंड्याने गोळी उचलली. खाताना तिचा कुटुकुटु आवाज दोघांनीही ऐकला. एक संपल्यावर त्याने दुसरीही घेतली, त्या गोळीसाठी वचन मागितलं नाही.

रघुवीररावांनी त्याच संध्याकाळी दवाखान्यात फोन करून तारीख मागून घेतली. आंबे निम्मेच झाले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांना दाखल करून घेतलं. रात्री सोबत थांबायला ताईंचा मुलगा आला आणि नर्सबाईंनी कुमुदला घरी पिटाळलं. ती कुलूप उघडून आत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घर एवढं गप्प तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने चपला काढल्या, गुंड्यापुढे गोळी आणि पेरूची फोड ठेवली, आणि पाय आपोआप चिवड्याच्या डब्याकडे वळले. झाकण अर्धं उघडलं असेल. दांडीवर गुंड्या बसला होता. गोळीला त्याने हात लावला नव्हता.

"कळलं, कळलं," कुमुद म्हणाली आणि तिने डबा बंद केला.

डाळतांदूळ धुतले. कुकर लावला. दोडका चिरून फोडणीला टाकला. एकटीचा भात किती घ्यायचा याचा तिला अंदाज नव्हता, तो जास्तच झाला. मग ताट घेतलं, पाट मांडला, पाणी घेतलं आणि ती बसली. भूक मुळीच नव्हती. रडू मात्र पोटभर आलं होतं. तिने वरणभात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला.

दांडीवरून कुटुकुटु आवाज आला. मग गुंड्या टोकाशी गेला, मागचे पाय घट्ट रोवले, आणि सुटला. दिवाणखाना लांब होऊ लागला. दार दूर गेलं, खिडकी दूर गेली, पंखा आभाळाएवढा उंच झाला. त्या सगळ्यातून तो पसरलेल्या राखी तळहातासारखा सावकाश येत होता. कुमुदचा पाट होता तिथेच राहिला.

फोन वाजला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," रघुवीरराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण चाल तीच. "जेवलीस का?"

"जेवतेय."

"काय केलंस?"

"वरणभात. दोडक्याची भाजी. कोशिंबीर राहिली."

"कोशिंबीर वचनात नव्हती," ते म्हणाले. "बसून जेवतेयस ना?"

"पाटावर बसलेय."

"आणि आमचा गडी? खाल्ली त्याने?"

कुमुदने वर पाहिलं. "खाल्ली. आत्ताच सुटलाय."

"बरं. तो उतरेपर्यंत फोन ठेवू नकोस."

"अहो, सकाळ होईल."

"होऊ दे की," रघुवीरराव म्हणाले.

कुमुदने फोन खांद्याशी धरला आणि आणखी थोडा भात वाढून घेतला. गुंड्या अजून बराच दूर होता.