सिंहमहाराजांचा चकचकीत डेक

एका जंगलात पार होते, ओटे होते, पण डेक, म्हणजे उघड्यावरचा लाकडी फळ्यांचा ओटा, नव्हता. पलीकडच्या जंगलातल्या वाघाकडे मात्र होता. मग काय बाळांनो, आपल्या सिंहमहाराजांना हरीण गोड लागेना.

टोकोजी सुतारपक्ष्याने चार महिने चोच झिजवून तळ्याकाठी सागवानी डेक उभारला. आता शेवटचा हात तेवढा राहिला होता. सात पिढ्यांची सुतारकी; डेक बिघडला तर नाव आपलंच जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"महाराज, जवसाचं तेल चोळू," तो म्हणाला. "लाकडात मुरेल. चमकणार नाही, पण ऊनपाऊस सोसेल."

"चमकणार नाही?" समितीचा अध्यक्ष मोर किंचाळला. समिती म्हणजे काय, हे विचारू नका. मोठे झालात आणि अक्कल बेताची राहिली, तर तुम्हीही तिच्यात असाल.

समितीने नमुन्याच्या दोन फळ्या, एक तेलाची आणि एक चकचकीत वॉर्निशची, गुहेत मागवल्या. डेक उघड्यावर आणि निवड गुहेत!

"निदान एक पावसाळा फळ्या बाहेर ठेवून बघा," टोकोजी म्हणाला.

"उद्घाटन परवा आहे," मोर म्हणाला.

महाराजांनी तेलाच्या फळीत पाहिलं. नुसतं लाकूड दिसलं. वॉर्निशच्या फळीत पाहिलं, तर स्वतःची आयाळ दिसली. झाली निवड.

टोकोजीचा जीव तुटला. "महाराज, हे वॉर्निश घरातल्या कपाटाचं. उन्हात तडकेल, भेगांतून पाणी शिरेल, लाकूड कुजेल. माझं एवढं म्हणणं लिहून तरी घ्या!"

मोराने आनंदाने लिहून घेतलं.

नारळ फुटला, टाळ्या पडल्या. उन्हाळ्यात वॉर्निश तडकलं. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले. दिवाळीला महाराज प्रजेला दर्शन द्यायला डेकवर आले आणि फळीसकट तळ्यात गेले. बेडकांनासुद्धा हसू आवरेना.

चौकशी झाली. समिती अर्थातच मोराची. त्याने ते जुनं टिपण काढून मोठ्याने वाचलं, "तडकेल, पाणी शिरेल, कुजेल."

सगळं तसंच घडलं होतं.

"ज्याला आधीपासून इतकं तंतोतंत ठाऊक होतं, त्यानेच हे केलं असणार!" मोर म्हणाला.

टोकोजीला जंगलाबाहेर घालवलं. जाता जाता तो कळवळून म्हणाला, "आता नवा डेक बांधाल, त्याला तरी तेल लावा हो!"

मोराने तेही लिहून घेतलं.

तात्पर्य : बाळांनो, खरं सांगणारा जाणकार पदरी असावाच. त्याचं ऐकायचं नसतं. पण तो नसेल, तर पुढे खापर फोडायला डोकं कुणाचं आणणार?