एका खोलीतल्या सहा खोल्या

गडबच्या हैबतरावांचा जितेश तेहेतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, कंपनीत कायम. दोष एकच, आणि तो मध्यस्थांनीही हलक्या आवाजातच सांगितला: घर स्वतःचं होतं, सात खोल्यांचं होतं आणि गावात होतं. पेणला फ्लॅट नाही म्हटलं की मुलीकडचे चहालाही थांबत नसत. शेवटी रोह्याचे जगनराव आपली सुरभी द्यायला तयार झाले, पण अट घालून. आधी फ्लॅट, मग सुपारी.

हैबतराव आणि गिरजाबाई पेणच्या रामवाडीतल्या नव्या इमारतीत दाखल झाले. विक्रीवाल्या हर्षदने दार उघडलं. समोर एक पांढरी भिंत होती.

"काका, एका खोलीत सहा खोल्या!" म्हणत त्याने कळ दाबली. भिंतीतून पलंग खाली आला आणि हैबतराव मागच्या मागे जिन्यात गेले. पलंग मिटला की टेबल येई, टेबल मिटलं की ओटा. ओटा उघडा असेपर्यंत संडासाचं दार उघडत नसे.

"आणि भात शिजताना कोणाला घाई लागली तर?"

"वेळापत्रक दिलंय ना काका. सहा ते सात संडास, सात ते आठ स्वयंपाक."

"गणपती कुठं बसवायचा रे बाबा?" गिरजाबाईंनी मुद्द्यालाच हात घातला.

हर्षदने माहितीपुस्तिका चाळली. गणपतीच्या पेणात घर बांधून हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता, धन्य ती माणसं! "पलंगाच्या जागी बसवा."

"आमच्याकडं गौरी-गणपती असतात. तवर आम्ही निजायचं कुठं?"

"गडबला सात खोल्या आहेत की तुमच्या!"

हैबतरावांना मात्र वेगळीच काळजी लागली. हे खुराडं बघून जगनराव सुपारी कसली फोडतायत? पोरगा बिनलग्नाचाच राहणार!

जगनराव फ्लॅट बघायला आले, त्यांनी बाहेरूनच दारावरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "पसंत!"

"आत तरी या, व्याही."

"कशाला? वरच्या मजल्यावर आमचापण हाय. पोराच्या लग्नापायी घेतला. लगीन झालं, आता पोरगा-सून रोह्याला आमच्यातच."

"मग इथं राहतो कोण?"

"कोणीच नाय," हर्षद अभिमानाने म्हणाला. "सत्तेचाळीस फ्लॅट विकले, सत्तेचाळीस कुलपं. म्हणून तर आजवर एक तक्रार नाय!"

महिन्याभरात लग्न दणक्यात झालं. सुरभी गडबला सात खोल्यांत मजेत नांदते आहे.

काय येडी माणसं, म्हणून तुम्ही हसलात. हसा की! फक्त हसून झालं की तुमच्या लेकीचा बायोडाटा काढा आणि 'अपेक्षा' या शब्दापुढे तुमच्याच अक्षरात काय लिहिलंय, ते जरा मोठ्याने वाचा.