भोवरा नसलेली गाडी

जनावर पारखावं तर मीच! फुशारकी वाटली तर वाटू द्या, फुशारकीच आहे. म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायचा असला की आमचे हे पुढे, मी मागे. हे दात बघणार, खूर बघणार, पुठ्ठ्यावर थाप मारून चाल बघणार आणि सगळं पसंत पडलं की वळून माझ्याकडे बघणार. कारण भोवरा मी बघायचा! बैलाच्या अंगावर एखाद्या ठिकाणी केस गोल फिरलेले असतात ना, तो भोवरा. एका जागी असला तर घराची भरभराट, दुसऱ्या जागी असला तर धन्याच्या जिवावर. वीस हातांवरून मला तो दिसतो. तीस वर्षांत माझ्या नजरेखालून गेलेला एकही बैल खोटा निघालेला नाही.

तेव्हा मोटारगाडी पारखायला यांनी मला बरोबर नेलं, यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

गाडी हवी होती ती होडीसाठी. होडी हवी होती ती हौशीसाठी. हौशी आमची एकुलती एक लेक, पहिलटकरीण. आम्ही काळू नदीच्या मुरबाडकडच्या अंगाला, तिचं सासर पलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत तर आहेच, पण सुईण आमच्या काठाला आहे ही त्याहून मोठी गोष्ट. माझ्या पहिल्या वेळेला मी एका काठाला नि सुईण दुसऱ्या, मधे आषाढाचा पूर. ते लेकरू राहिलं नाही. त्याबद्दल मी कोणाशी फार बोलत नाही. पण हौशीला दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवसापासून माझी झोप नदीकाठीच बसलेली.

तर हौशीच्या डोहाळजेवणाला तिचे सासरे, नवशाबाबा, पान चघळत म्हणाले, "पेरन्या उरकल्या का न्या पोरीला. तवर नाय जमायचं."

"पेरणीनंतर नदी फुगल, बाबा!" मी म्हटलं.

"मंग होडी आना. तुमच्या काठाला होडी नाय, ही काय आमची चूक? का पोटुशी सून पवत पाठवू?"

सगळी बायकामंडळी हसली. आमचे हे पाटावरून उठलेच! "आनतो होडी! पेरणीच्या आत काठाला लावतो, नायतर मिशी उतरवीन!"

मिशी तशी पातळच होती, पण बोलून गेले.

ही गोष्ट जपानची लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. कल्याणच्या छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या, आणि कल्याणच्या खाडीवर होड्याही मिळत. यांना गवताच्या गासड्या वाशिंद स्टेशनावर पोचवायला गाडी हवीच होती. गाडी घ्यायची, तिच्यामागे होडी बांधायची नि थेट घरी! यांचा भाचा गोमा लढाईत आसामकडे चिखलातून गाड्या हाकून आलेला. म्हणजे सारथीही घरचाच.

छावणीच्या मैदानात पाहते तर काय, शेपन्नास गाड्या रांगेनं उभ्या! अगदी बैलबाजारच. यांच्या अंगात लगेच जत्रा संचारली. एका गाडीच्या तोंडावरच्या जाळीत बोटं घालून हे दात मोजायला लागले. दुसरीच्या चाकाचा खूर दाबून पाहिला. तिसरीच्या पुठ्ठ्यावर अशी सणसणीत थाप मारली की तिथला शिपाई दचकला. गाडी जागची हलली नाही. हे खुश होऊन म्हणाले, "गरीब हाय!"

गोमानं मात्र एक गाडी आधीच हेरली होती. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. "मामा, हीच घेवा. चारी चाकं वढतात, डोंगरात पन चढल. नि मागं हा लोखंडी दांडा बघा. होडी याला जोडली का उतारावर ती आपल्या अंगावर येत नाय."

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या कुशीला, दरवाज्याच्या मागे, एक गोल खळगा. आतला पत्रा गरागरा फिरलेला.

"भोवरा!" मी ओरडले.

"मामी, पोचा हाय तो! लढाईत कायतरी आदळलं असंल."

"लढाईत आदळलं? म्हंजे आधीच्या धन्याला बाधलेली हाय! नको गो बाई!"

पलीकडेच दुसरी उभी होती. रुंद कपाळ, डोळे मोठे नि शांत, अंगावर ओरखडा म्हणून नाही. मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. एक भोवरा असेल तर शपथ!

"हिला मागं दांडा नाय," गोमा रडकुंडीला आला.

हे म्हणाले, "दोर हाय ना! मी बैल काय दांड्यानं बांधतो?"

"मामा, उतारावर बैल मानेनं गाडी थोपवतो. दोर कसा थोपवल?"

"गोमा, तू लढाईत शिकाया गेलतास का शिकवाया?"

झालं. रुंद कपाळाची आमची झाली. मी तिच्या चाकांवर पाणी घातलं, डोळ्यांना हळदकुंकू लावलं, पुढे नाचणीची भाकर ठेवली. भाकर तिनं खाल्ली नाही, पण मान हलवल्यासारखी वाटली. गोमा म्हणाला ती यंत्राची थरथर. असेल.

खाडीवरून होडी घेतली. बैलगाडीचा सांगाडा काढून नुसत्या आखावर आणि दोन चाकांवर ती बसवली, नि काथ्याच्या जाड दोरानं मोटारीला बांधली. होडी डुलू नये म्हणून तिच्यात कोणीतरी जड बसायला हवं, असं हे म्हणाले आणि पुन्हा वळून माझ्याकडे पाहिलं. ह्या पारखीचा मला राग आला, पण बसले.

मुरबाडच्या बाजारातून आमची स्वारी निघाली तेव्हा काय सांगू! हलवायानं झारा कढईत तसाच सोडला. एक जण ओरडला, "कोळ्यांनी मुरबाड घेतलं का काय?" मी होडीत ताठ बसून राणीसारखी सगळ्यांकडे पाहत होते.

गावावरच्या टेपाडापर्यंत सगळं ठीक. तिथून रस्ता नदीकडे उतरतो. गोमानं गाडी हळू केली. गाडी हळू झाली. होडी झाली नाही!

आधी दोर सैल पडला. मग होडीचं नाक मोटारीच्या हौद्याला टेकलं. मग तिनं म्हशीसारखी मान बाजूला काढली आणि मोटारीच्या शेजारून निघाली! खिडकीतून यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"अगो, कुठं निघालीस?"

"मला काय इचारता? हिला इचारा!"

"थांब की!"

"कशानं थांबू? पायानं?"

"मामी, घट धरा!" गोमा ओरडला आणि त्यानं करकचून गाडी थांबवली. इकडे दोर ताणला, कटकन तुटला आणि मी सुटले!

रस्ता डावीकडे वळला. होडी सरळ गेली. पहिल्या बांधावरून उडाली. दुसऱ्या बांधावर आमचीच गवताची उडवी होती. ती मधोमध फोडून आम्ही पलीकडे निघालो, तेव्हा डोक्यावर माझ्या पेंढीभर गवत होतं. एक चाक कुठेतरी निघून आपल्या वाटेनं गेलं. पुढे उतार, उताराखाली डोह! मी डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हौशीला सुईण मिळू दे!

धप्प!

डोळे उघडले तर होडी पाण्यावर. थेंबभर पाणी आत नाही! आख बुडाला होता, होडी हंसासारखी डुलत होती. फक्त वल्हं मोटारीत राहिलं होतं. वरून हे हातवारे करत धावत येत होते, पण मी आपली निघाले सावकाश पलीकडच्या काठाला.

पलीकडे विहीणबाई, धोंडीबाई, धुणं धूत होत्या. होडी त्यांच्या धुण्याच्या दगडाला येऊन टेकली. त्यांनी आधी होडीकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या गवताकडे.

"इहीनबाई! एकल्याच?"

मी मान ताठ केली. "होडी आणली. हौशीला न्यायला आले."

"हौशीला?" त्यांनी लुगडं पिळलं. "ती तर सकाळीच गेली तुमच्याकडं. मीच सोडून आले."

"सोडून? कशी?"

"चालत. वरच्या खडकावरनं. घोटाभर पानी हाय तिथं. पेरनीची वाट कोन बघतो? पुरुषमानसं बोलत बसतात. पोर जड झाली, म्हटलं नदी सुकी हाय तवर जाऊ दे आयशीकडं."

मी तिथेच दगडावर बसले. हसू आलं की रडू, मलाच कळलं नाही. धोंडीबाईंनी माझ्या केसांतलं गवत एक एक काडी काढलं. चांगली बाई!

मग मीही लुगडं वर खोचून त्याच खडकावरनं चालत घरी आले. खरंच घोटाभर पाणी. पायातला चांदीचा वाळासुद्धा नीट भिजला नाही. सुईण ओटीवर बसून तंबाखू मळत होती आणि हौशी चुलीपुढे पाय पसरून तांदळाची भाकर खात होती. मी तिला पोटाशी घेतलं ते किती वेळ सोडलंच नाही.

"आये, तुमी होडी आनाया गेलतात म्हने?" ती घास गिळून म्हणाली.

"हो गो."

"कशाला?"