गजाशेठची खिडकी

गाणं सुरू करण्याआधी इतर बँडचे ड्रमर काठ्या आपटून "वन, टू, थ्री, फोर" म्हणतात. आमचे गजाशेठ उठतात आणि खिडकी उघडतात.

भिवंडीत कुठलीही खिडकी उघडा, आधी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट आत येतो, मग हवा, आणि जागा उरलीच तर उजेड. शेठ कान देऊन ऐकतात, "चालू हाय" म्हणतात आणि मगच स्टुलावर बसतात. तोवर निम्मे श्रोते चहाला गेलेले असतात. उरलेले निम्मे बहुधा रिझवानचे भाऊ असतात.

रिझवान आमचा गायक, त्याचे भाऊ लूमवर कामाला. मी गिटार वाजवतो, गाणी लिहितो आणि पोटासाठी शाळेत गणित शिकवतो, म्हणून शेठ मला मास्तर म्हणतात. बँडचं नाव 'दुसरी शिफ्ट'. आम्ही फक्त स्वतःची गाणी वाजवतो, त्यामुळे आम्हाला कोणी दोनदा बोलावत नाही.

धामणकर नाक्याजवळ शेठचा लूमचा कारखाना होता आणि वरच्या खोलीत आमचा सराव चालायचा. एकदा शेठ जिना चढून वर आले. आम्हाला वाटलं, आवाजाची तक्रार असणार. शेठ म्हणाले, "पोरांनो, तुमचा ढोलवाला माझ्या लूमशी भांडतंय. आनी लूम बरोबर हाय." आमचा तेव्हाचा ड्रमर रागाने जो गेला तो गेलाच. शेठनी बाह्या सारल्या आणि त्याच्या जागी बसले. पन्नाशी उलटलेला माणूस, तरुणपणी गावच्या हळदीत ढोलकी बडवलेली. जवळच्या वडपे गावातल्या त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यामुळे भाडं घरबसल्या येत होतं. सरावाला स्वतःच्या गाडीतून येणारे आमच्यात तेच एकटे.

नवं गाणं ऐकवलं की ते म्हणायचे, "यो ग्रे कापड हाय, मास्तर. प्रोसेसला धाडा." ग्रे म्हणजे लूमवरून नुकतं उतरलेलं, धुतलं-रंगवलं नाही असं कापड. कोणी चुकलं की, "धागा तुटला. गाठ मारा, पुढं चला." रिझवानचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं. त्यानेही दुसरीकडे गाठ मारली आणि पुढे चालू लागला.

मग शेठच्या मुलाने लूम भंगारात काढले. खाली पार्सलांचं गोदाम झालं आणि तेव्हापासून हे खिडकीचं प्रकरण सुरू झालं. मी गणिताचा माणूस, उत्तर लगेच काढलं: शेठची लय लूमवर चालते, स्वतःचे गेले, म्हणून आता शेजाऱ्यांचे ऐकून वाजवतात. सगळ्यांना ते पटलं. शेठही कधी नाही म्हणाले नाहीत.

पुरावेही मिळत गेले. वडप्याला एका गोदामाच्या उद्घाटनात आम्हाला खोक्यांच्या मध्ये उभं केलं होतं. तिथे खिडकीच नव्हती. मागे सरकणारी फोर्कलिफ्ट टुंटुं करत होती आणि शेठ तिच्याबरोबर वाजवत राहिले. पडघ्याच्या ढाब्यावर तर कहर झाला. तिथे लूम कुठले? शेठनी नजर लावली रोटीवाल्याच्या हातांवर. रिझवान डोळे मिटून विरहाचं गाणं म्हणत असताना दारात लग्नाची बस थांबली, रोट्यांची ऑर्डर वाढली आणि आमचा विरह सुसाट सुटला. ट्रक ड्रायव्हर उठून नाचले. आमच्या गाण्यावर कोणी नाचल्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. ठाण्यातल्या एका कॅफेच्या मालकीणबाई आम्हाला ऐकायला येणार होत्या. पसंत पडलो तर तिकडे वाजवायला मिळणार होतं. रिझवान मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्टर, इस बार गाना भागा, तो दूसरा ड्रमर देखना पड़ेगा." मला वाईट वाटलं, पण मी मान डोलावली. वार शुक्रवार धरला होता. शुक्रवारी लूमला सुट्टी, लोक मोकळे असतात. याच्यापुढचा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही.

कार्यक्रमाच्या वेळी शेठनी खिडकी उघडली. बाहेर शांतता. दुसरी उघडली, तिसरी उघडली. बाई घड्याळ बघू लागल्या. शेठचा चेहरा पांढरा पडला होता. मी धावत गेलो. "शेठ, आज शुक्रवार आहे."

"जुम्मा हाय व्हय!" शेठनी मोठा श्वास सोडला. "लूम गेल्यापासून वार कलत न्हाय बग. मंग ठीक हाय."

आणि ते बसले, वाजवू लागले. विरहाचं गाणं आम्ही वगळलंच होतं; बाकी एकही गाणं पळालं नाही, एकही रेंगाळलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे ठाण्याचं आमंत्रण दिलं.

नंतर रिझवानसोबत पायऱ्यांवर वडापाव खाताना मी विचारलं, "शेठ, तुम्हाला लूमशिवाय वाजवता येतं?"

"येतं की."

"मग पडघ्याला काय झालं होतं?"

"त्यो गाना लय रडत व्हता. म्हनून पळवला."

"आणि खिडकी?"

शेठनी वडापाव कागदावर ठेवला. "माजे गेले. बाकीच्यांचे चालू हायत का, त्या बगतंय. येक दिस उघडीन आनी कायच ऐकू न्हाय येनार, असा वाटतं. धागा तुटला, मास्तर."

गाठ मारा, पुढं चला, हे ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली.

ठाण्याच्या कॅफेत एसी होता आणि खिडकीच्या जागी न उघडणारी काच. शेठ काचेला हात लावून उभे राहिले. लोक बघत होते. तेवढ्यात रिझवानने फोन लावला. "भाईजान, मशीन के पास जाओ. हां, और पास." आणि त्याने फोन शेठच्या कानाला लावला.

शेठ बराच वेळ ऐकत राहिले. मग "चालू हाय" म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

पहिलंच गाणं विरहाचं होतं. त्या दिवशी शेठनी ते पळवलं नाही.