वाघमारे सर प्रेम तपासतात

वाघमारे सर कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या प्रेमप्रकरणांना मार्क द्यायचे. अगदी गंभीरपणे. दोनशे पानी वही, लाल पेन, दहापैकी मार्क आणि पुढे शेरा. वय चौपन्न, जिंतूरच्या आमच्या शाळेत मराठीचे शिक्षक, घरी एकटेच. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मला म्हणायचे, "मॅडम, दोन फुलं अन् एक अंगठी दिली की राजकन्या लग्नाला तयार! हे प्रेम हाय का रेशनचं दुकान?"

मी गणित शिकवते. मला यातलं काही कळत नसे, पण सर समजावून सांगायचे. त्यांची लेक नोकरीला पुण्याला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात हे गेम होते. आपण एक पात्र व्हायचं, सोबती जमवून मुलूखभर हिंडायचं, आणि कोणी काही बोललं की पडद्यावरच्या तीन-चार उत्तरांतलं एक निवडायचं. सगळं इंग्रजीत, म्हणून सर शब्दकोश मांडीवर घेऊन खेळायचे. लढाई आली की वैतागायचे. "मारामारी लवकर उरकावी. माणसं बोलायची राहतेत."

एका सरदाराला त्यांनी तीन मार्क दिले होते. शेरा : 'पहिल्याच भेटीत बालपण सांगतो. घाई.' एक चोर आणि एक भिक्खू यांच्या दोस्तीला नऊ. 'भांडतात, पण जेवायला एकमेकांसाठी थांबतात.'

एकदा त्यांच्या घरमालकीणबाईंनी मला बाजारात गाठलं. "सरांकडं कोन बाई येती हो? रोज त्यांचा आवाज येतो, 'बसा, दमल्या असताल.'"

ती बाई म्हणजे गेममधली इरा. धनुष्य चालवणारी, कमी बोलणारी. सर तिच्याशी मराठीत बोलायचे, तेही अहो-जाहो करून. तिला मात्र अजून मार्क दिले नव्हते. "पेपर पुरा व्हायचाय," म्हणायचे.

एका सोमवारी सरांनी डबा उघडलाच नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "इरा गेली."

गावाकडे तिची आई वारली होती. सोबत येतोस का, म्हणून तिनं विचारलं. सरांनी उत्तर निवडलं : आधी हातातलं काम संपवू. पुढच्या मुक्कामाला तिची जागा रिकामी होती.

"मग मागे जाऊन पुन्हा खेळा की. जमतं ना तसं?"

"जमतं."

"मग?"

"तिनं इचारलं अन् मी न्हाई म्हनलं, मॅडम. ते कुठं पुसू?"

ते डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "पालमला माझा दोस्त हाय, सोपान. वसतिगृहात आमी एका ताटात जेवलो. त्याची बायको गेली तवा माझ्याकडं बोर्डाचे पेपर होते. म्हनलं, संपले की जाऊ. संपले. मग जायची लाज वाटायली. नऊ वर्षं झाली."

रविवारी त्यांनी मला सोबत यायला सांगितलं. एकट्यानं पाय उचलत नव्हता. परभणीला एसटी बदलून आम्ही पालमला पोचलो. वाटभर सर ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होते. एक म्हणायचे, मान हलवून खोडायचे, दुसरं म्हणायचे.

सोपानराव अंगणात बाजेवर बसून तूरडाळ निवडत होते. त्यांनी मान वर केली. ओळखलं, पण उठले नाहीत. सरांची सगळी वाक्यं पळाली.

"सोपान, मी आलो न्हवतो."

"न्हवता आला," सोपानराव म्हणाले. "लय वाट पाह्यली तुझी. दहाव्यापर्यंत दर गाडीला माणूस धाडला फाट्यावर."

सर उन्हात तसेच उभे राहिले. मग चपला काढून बाजेवर बसले, सुपाचं एक टोक आपल्याकडे ओढलं आणि डाळ निवडू लागले. मी ओसरीवर बसून राहिले.

"डोळ्याचा नंबर वाढला की तुझा," अखेर सोपानराव म्हणाले. "खडे तसेच ठेवायलास."

"मग चष्मा दे तुझा."

त्यांनी चष्मा काढून दिला. सरांनी तो लावला, पण बोटं जागीच थांबली. सोपानरावांनी सूप हळूच बाजूला सरकवलं आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या गाडीची वेळ झाली तशी मी उठले. सरांनी मान वर केली नाही.

"तुमी निघा, मॅडम. अन् उद्या माझा रजेचा अर्ज तेवढा द्या."